सुटलं तेवढंच काढावं

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरवर भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडातच जिरते. जुलैच्या मध्यात तो पुन्हा तसा येतो, पण तेव्हा ढग आडवे असतात. गाड्यांचा रंग खातं ते मेमधलं ऊन. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. हवा ४५ अंशांवर असली की उन्हात उभ्या गडद गाडीचा पत्रा ७० अंशांच्या पुढे सहज जातो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात किंवा कळमन्याच्या बाजाराबाहेर उभ्या असलेल्या जुन्या पिकअप बघा: छत आणि बॉनेट पांढरं पडून पापुद्रे सुटलेले, आणि त्याच गाडीचे दरवाजे अजून बऱ्यापैकी चकाकणारे.

सुटतात ते पापुद्रे रंगाचे नसतात, रंगावरच्या क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक थराचे असतात. आपल्याकडचे पेंटर त्याला लॅकरही म्हणतात. अशी गाडी गॅरेजात नेली की उत्तर ठरलेलं असतं: सगळी घासा, लांबी (पुट्टी) भरा, सरफेसर (रंगाखालचा सपाट करणारा थर) मारा, नवा रंग चढवा. पत्रा सडलेला असेल तर ते बरोबरच आहे. पण पत्रा धड असेल, खालचा रंग शाबूत असेल, तर दुसरी वाट आहे. मेलेलं क्लिअर उतरवायचं, खालचा रंग जसा रापला आहे तसा राहू द्यायचा आणि तो पुढची काही वर्षं टिकेल अशी सोय करायची. याला हल्ली पॅटिना म्हणतात. माझं यात एकच ठाम म्हणणं आहे. उन्हाने जेवढं सोडलंय तेवढंच आपण काढावं. जिथे झीज नाही तिथे ती घासून तयार करू नये. मीठ-व्हिनेगर मारून कोऱ्या पत्र्यावर गंज उगवणं आणि गाडीने खरोखर कमावलेला राप जपणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्या कामाबद्दल मला काडीचीही आस्था नाही.

आधी गाडीवर क्लिअर आहे का, हे पाहायचं. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ च्या पिढीतल्या बहुतेक मालवाहू गाड्यांवर एकेरी इनॅमल असे. रंग आणि चकाकी एकाच थरात. तो थर वरून पिठूळ होतो, पण त्याचे पापुद्रे निघत नाहीत. त्यावर क्लिअर नाहीच, तर उतरवायचं काय? मेटॅलिक रंगाची टाटा झेनॉन किंवा महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे असेल तर मात्र दोन थर नक्की: खाली रंगाचा बेस, वर क्लिअर. शंका असेल तर कोपऱ्यातली हाताएवढी जागा १५०० नंबरच्या वॉटर पेपरने (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक) पाणी लावून दोन-चार वेळा घासावी. गाळ पांढरा आला तर क्लिअर आहे, गाडीच्या रंगाचा आला तर एकेरी रंग आहे किंवा क्लिअर आधीच संपलेलं आहे.

दुसरी परीक्षा पाण्याची. पांढऱ्या पडलेल्या भागावर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा. पांढुरकेपणा नाहीसा होऊन खालचा रंग गडद दिसला, तर वरचा भाग फक्त पिठूळ झालाय आणि क्लिअर अजून चिकटून आहे. ओलं करूनही पांढरंच राहिलं, तर क्लिअर आणि बेसच्या मध्ये हवा शिरलेली आहे, पाणी तिथवर पोचत नाही. हे क्लिअर सुटलेलं आहे. पहिल्या प्रकाराला कागद लागतो, दुसऱ्याला पातं आणि हवा. एकाच बॉनेटवर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात, म्हणून सरसकट मशीन फिरवणारा माणूस बॉनेट बिघडवतो.

तिसरी परीक्षा थिनरची, आणि ती दिसणार नाही अशा जागीच करावी. कंपनीत भट्टीत भाजलेला बेस थिनरला दाद देत नाही. गॅरेजात मारलेला बेस बहुतेक वेळा थिनरने पुसला की फडक्यावर उतरतो. वीस वर्षांच्या पिकअपचा एखादा दरवाजा किंवा मडगार्ड नंतर रंगवलेलं असतंच. त्या भागावर पुढे कुठेही थिनर फिरवायचं नाही, ग्रीस-तेल काढायला टर्पेंटाइनच वापरायचं.

कंपनीच्या गाडीवर सगळा रंग मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढा किंवा किंचित जास्त. त्यात सगळ्यात खाली गंज अडवणारा, विजेच्या प्रवाहाने बसवलेला प्रायमर सुमारे २० मायक्रॉन, मग सरफेसर, मग बेस जेमतेम १५, आणि वर ४०-५० मायक्रॉनचं क्लिअर. अतिनील किरणं थोपवणारी द्रव्यं या क्लिअरमध्ये असतात. ती वर्षागणिक संपत जातात आणि रोजच्या फडक्याने क्लिअरही पातळ होतं. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आहेत. त्यांच्या राखेचे कण कठीण असतात, आणि धूळ-राख बसलेल्या गाडीवर सकाळी कोरडा फडका मारणं म्हणजे रोज थोडं पॉलिश पेपर मारणंच. क्लिअर पातळ झालं की अतिनील किरणं आरपार जाऊन बेसच्या वरच्या पृष्ठभागाची भुकटी करतात. क्लिअर ज्याला धरून होतं तेच सुटतं. मग दिवसाची भाजणी, रात्रीचं आकसणं, पहिल्या पावसाचं पाणी कडेतून आत, आणि तळहाताएवढे पापुद्रे उडायला लागतात.

एवढं कळलं की काम कुठे नाजूक आहे तेही कळतं. हातात ४०-५० मायक्रॉन आहेत आणि त्याखाली चुकायला १५.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सहा ते नऊ, सावलीत. तापलेल्या पत्र्यावर घासणीचा गाळ जागीच वाळतो, कागदाखाली खडे बनतो आणि खोल ओरखडे पाडतो. पावसाळ्यात उघडा पडलेला पत्रा संध्याकाळपर्यंत नारंगी होतो, त्यामुळे ते चार महिने नकोच.

सुरुवात धुण्याने. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्यावा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग उघड्या बेसमध्ये मुरतात आणि मग निघत नाहीत. स्टिकर आणि रिफ्लेक्टिव्ह टेप हेअर ड्रायरने गरम करून सोडवावेत. मागे राहिलेल्या चिकट्याला संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचे क्लीनर उत्तम चालतात, पण ते तेलकट थर ठेवतात. तो टर्पेंटाइनने पुसायचा, एका फडक्याने ओलं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून. स्टिकरखालून निघालेला गडद, न रापलेला चौकोन तसाच राहू द्यावा. बाजूचा भाग त्याच्याशी जुळवायला गेलात तर अख्खा दरवाजा घासावा लागेल, आणि गाडीवर काय लिहिलेलं होतं याची खूणही जाईल.

काचा, रबरं, बिल्ले मास्किंग टेपने झाकले की सुटलेलं क्लिअर काढायला आधी हवा. कॉम्प्रेसर ६ ते ७ बारवर, नोझल पत्र्याला जवळजवळ समांतर धरून पापुद्र्याच्या कडेखाली. जे सुटायचं असतं ते उडून जातं, आणि हवेने बेसवर ओरखडा पडत नाही. घरगुती प्रेशर वॉशरही चालतो, २५ अंशांच्या पसरट नोझलने, वीतभर अंतरावरून. सरळ धारेचं नोझल लावू नये, ते बेससकट प्रायमर उचकटतं.

हवेने न उडालेल्या कडांना पातं. प्लास्टिकचं पातं सुरक्षित, पण लवकर बोथट होतं. स्टीलचं एकधारी पातं घेतलंत तर त्याची दोन्ही टोकं कानशीने गोल करून घ्या, कारण खोल ओरखडे नेहमी टोकानेच पडतात. पातं जेमतेम तीस अंशांवर आडवं धरायचं आणि पापुद्र्याच्या दिशेने ढकलायचं. जोर लावावा लागला तर थांबायचं. जोर लागतोय याचा अर्थ तिथलं क्लिअर अजून धरून आहे, त्याला पात्याने हात लावायचा नाही. शेवटी जाड कापडी चिकटपट्टी कडेवर दाबून एका झटक्यात ओढायची. पट्टीवर पापुद्रे आले तर अजून काम बाकी आहे. पट्टी कोरी निघाली की पुढे.

रंग काढण्याचं रसायन मात्र या कामात आणू नये. त्याला थरांतला फरक कळत नाही. क्लिअर, बेस, सरफेसर सगळं एकत्र फुगून येतं आणि अर्ध्या तासात उघडा पत्रा समोर असतो.

आता कड. क्लिअरचं राहिलेलं बेट आणि उघडा बेस यांच्यामध्ये ४० मायक्रॉनची पायरी असते. बोटाला लागते. तशीच ठेवली तर पुढच्या पावसात पाणी त्याच पायरीखालून शिरतं. म्हणून ८०० नंबरचा कागद, पाण्यात थेंबभर शाम्पू, मऊ स्पंजच्या ठोकळ्यावर गुंडाळून, आणि घासणं बेटाकडून कडेकडे. सेंटिमीटरभर उतार पुरे. मग तीच जागा १००० ने, मग १५०० ने. बेट वाचवायचं असतं, पुसून टाकायचं नसतं. मला स्वतःला बॉनेटच्या कडेला राहिलेली चकाकणारी बेटं आणि मधला निस्तेज रंग असा उतरता फरक फार सुंदर वाटतो. ऊन कुठून किती पडलं, ते त्यात वाचता येतं.

मेलेलं पण चिकटलेलं क्लिअर हे वेळखाऊ काम. १००० नंबर, भरपूर पाणी, हातानेच. दर दहा-बारा फेऱ्यांनंतर गाळ पुसून त्याचा रंग बघायचा. पांढरा आहे तोवर चालू ठेवा. रंगाची पहिली झाक दिसली की हात उचला, आणखी दोन फेऱ्यांचाही मोह नको. छताच्या सपाट मध्यावर मशीन वापरायचंच असेल तर ३ मिलिमीटर थ्रोचं (म्हणजे छोट्या फेऱ्यांत फिरणारं) ऑर्बिटल, कागदाखाली मऊ इंटरफेस पॅड आणि १५०० चा कागद. कडेपासून, वळीपासून आणि पत्र्याच्या उठावदार रेषांपासून तीन-चार सेंटिमीटर लांब राहायचं. उंचवट्यावर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे मशीन एका क्षणात प्रायमर दाखवतं. त्या रेषांवर आधीच मास्किंग टेप लावून ठेवावी आणि शेवटी तेवढी जागा २००० ने हाताने करावी.

मेटॅलिक रंगाचा स्वभाव वेगळा. त्याच्या बेसमध्ये ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या असतात. कागद लागला की त्या खरचटतात, उघड्या पडून करड्या होतात आणि घासण्याच्या दिशेप्रमाणे गडद-फिके पट्टे उमटतात. ते पट्टे नंतर कशानेही जात नाहीत. मेटॅलिकवर म्हणून हवा, पातं, चिकटपट्टी एवढ्यावरच भागवावं. कागद फक्त क्लिअरच्या कडांना, तोही १५०० च्या खालचा नको. मेटॅलिक चंदेरी गाडीवर हे काम करू नये असं मी म्हणेन. ती शेवटी राखाडी दिसते, रापलेली नाही. लाल, निळा, हिरवा असे साधे भरीव बेस मात्र या कामाला अप्रतिम. रंग समान मंदावतो आणि खोल दिसतो.

सगळीकडची झळाळी एकसारखी मंद करायला करडा स्कॉच-ब्राइट (जाळीदार घासणी), ओला, सरळ रेषेत. बॉनेट-छतावर पुढून मागे, दरवाजांवर वरून खाली. गोल फिरवलात तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक वर्तुळ दिसेल.

एक धोका फार लोक विसरतात. जुन्या पिवळ्या-नारंगी रंगांत लेड क्रोमेट असू शकतं. त्यामुळे कोरडं घासू नये. ओला गाळ फडक्याने गोळा करून टाकावा, तोंडाला मास्क असावा आणि लहान मुलं आसपास नसावीत.

गंजाबद्दल नीट बोलायला हवं, कारण पॅटिनाच्या नावाखाली सडका पत्रा खपवला जातो. हौद्याच्या काठावर क्रेट घासून चमकलेला आणि मग तांबूस झालेला पत्रा, उजव्या दरवाजाच्या काचेखाली ड्रायव्हरच्या कोपराने उतरलेला रंग, फाळक्याच्या कड्यांभोवतीची घासलेली कमान: हे सगळं वरवरचं आहे आणि ठेवण्यासारखं आहे. पण चाकाच्या कमानीच्या आतला, दरवाजाच्या खालच्या दुमडीतला आणि छताच्या पन्हळीतला गंज वेगळा. तिथे गंजाचे थर सुटतात आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं की आत जातो. तो पत्रा कापून नवा जोडायला हवा, त्याला दुसरा उपाय नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे रापाचं कौतुक कुणी करणार नाही. काढलेली रिफ्लेक्टिव्ह टेपही त्याआधी पुन्हा लावायची आहे.

वरवरच्या गंजाला आधी पितळी तारेचा ब्रश, हलक्या हाताने, भुकटी निघून जाईपर्यंत. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचा कन्व्हर्टर गंजाला काळं करतो. दिसणाऱ्या जागी तो लावला की तांबूसपणा गेलाच. कन्व्हर्टर दुमडीच्या आत, चाकाच्या कमानीत लावावा, आणि पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज अडवणारं मेण) मारावं. तिथे इंजिनचं जुनं तेल ओतायची पद्धत आहे. ते रबरं फुगवतं आणि महिनाभर गळत राहतं.

आता सगळ्यात मोठा निर्णय, वरून काय लावायचं. उघडा बेस तसाच सोडता येत नाही. तो सच्छिद्र असतो आणि नागपूरचे दोन उन्हाळे त्याला खडूसारखं करायला पुरेसे आहेत. वाटा मुख्यतः दोन. निवड आधीच करावी लागते, कारण तेल लावलेल्या पत्र्यावर नंतर क्लिअर नीट धरत नाही.

पहिली वाट जवसाच्या तेलाची. जवस विदर्भाचंच पीक, पण स्वयंपाकाचं कच्चं तेल इथे चालत नाही. ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि सगळी धूळ धरून ठेवतं. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड लिन्सीड हवं, त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात. ते आणि मिनरल टर्पेंटाइन समप्रमाणात. छत आणि बॉनेटला दोन्ही १००-१०० मिलिलिटर पुरतं. फडक्याने पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, मग उरलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. पुसायला कंटाळलात तर तिथे पिवळट, चिकट साय धरते. दुसरा हात एक-दोन दिवसांनी. बेस आणि गंज दोन्ही एकदम गडद होतात, पाण्याच्या परीक्षेत दिसला होता तसेच. कालांतराने तेल किंचित पिवळं पडतं, त्यामुळे पांढऱ्या आणि फिक्या निळ्या गाडीला ही वाट नको.

आणि हे लक्ष देऊन वाचा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की ती आपोआप पेटू शकतात. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं, घडीच्या आत ती साठत जाते, आणि मेमध्ये गॅरेजचं तापमान आधीच चाळिशीपार असतं. फडकी पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावीत किंवा बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत.

दुसरी वाट टू-के मॅट क्लिअरची, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, न चकाकणाऱ्या क्लिअरची. ही टिकाऊ आहे आणि परतीची नाही. आधी ८०० चा किंवा करड्या स्कॉच-ब्राइटचा हात सगळीकडे पोचलेला असला पाहिजे. पॉलिशमधलं सिलिकॉन कुठे राहिलं तर तिथे क्लिअर फाटून गोल खड्डे पडतात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच आणि मापून. अंदाजाने जास्त घातलेल्या हार्डनरने चमक बदलते. चमक कमी करणारी सिलिकाची पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून उघडल्यावर तळ खरवडून ढवळावं. छत आणि बॉनेटला दोन हातांसाठी साधारण लिटरभर तयार मिश्रण लागतं. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. तिसरा हात मारू नये, मॅट ढगाळ दिसायला लागतं. उन्हाळ्यात स्लो थिनर घ्यावं. साधं थिनर गनमधून पत्र्यापर्यंत पोचायच्या आतच उडतं, आणि हाताला खरखरीत लागणारा कोरडा थर बसतो. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो, एकदा जडला की जात नाही. त्यापुढे धुळीचा मास्क निरुपयोगी आहे. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि हवेशीर जागा नसेल तर हे काम रंगाच्या बूथवाल्याकडे द्यावं.

टू-के क्लिअर उघड्या पत्र्यावर आणि गंजावर मनापासून धरत नाही. ओल शिरली की त्याखाली दोऱ्यासारख्या बारीक रेषांत गंज पळत जातो. म्हणून जिथे रंगच जास्त आणि पत्रा क्वचित, तिथे क्लिअर. जिथे हौद्याच्या काठासारखा पत्राच पत्रा, तिथे तेल. एकाच गाडीवर दोन्ही चालतं, फक्त क्लिअर आधी, पूर्ण सुकू द्यायचं, मग तेल. साधं मेण लावणारेही आहेत. ते आठ-दहा आठवड्यांत उतरतं आणि सुकताना बारीक ओरखड्यांत पांढरं अडकतं. मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्याला पोचतो. तेलाचा वार्षिक हात मेअखेरच्या सकाळी द्यावा, म्हणजे तो सुकायला दोन आठवडे मिळतात. त्याच वेळी बेटांच्या कडांवर पुन्हा एकदा चिकटपट्टी ओढून बघावी. दर उन्हाळ्यात ऊन आणखी थोडं क्लिअर सोडवतं. तेवढंच पात्याने काढायचं, ८०० ने उतार द्यायचा आणि तेल लावायचं. मॅट क्लिअर मारलेल्या भागाला तेलाची गरज नाही. त्याला साधा शाम्पू, भरपूर पाणी आणि मऊ मायक्रोफायबर लागतं, पॉलिश कधीच नाही, कारण घासून चकाकी आलेला ठिपका पुन्हा मंद करता येत नाही. कोरडा फडका दोन्हीवर बंद.